उलटलेल्या ट्रॅक्टरची दुरुस्ती आणि चालकाचे संरक्षण

(ट्रॅक्टरमालक व चालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



उसाचा गळीत हंगाम ऐन भरात आला की रस्त्याकडेच्या चारीत कलंडलेला ट्रॅक्टर हे दृश्य साखरपट्ट्यात दुर्मिळ राहत नाही. भोवती माणसे जमतात, कोणी साखळी आणतो, कोणी जेसीबीवाल्याला निरोप धाडतो आणि तास-दोन तासांत यंत्र पुन्हा चाकांवर उभे राहते. मग जमलेल्यांपैकी कोणीतरी उत्साहाने म्हणतो, "मार सेल, बघू चालू होतोय का!" उलटूनही शाबूत राहिलेले इंजिन या एका वाक्याने निकामी होऊ शकते. यंत्राची ही हानी पैशाने भरून निघते. चालकाच्या बाबतीत तशी सोय नाही. म्हणून या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्रच करणे अगत्याचे आहे.

ट्रॅक्टर मुळात उलटतो का, हे प्रथम पाहू. ट्रॅक्टरची मागील चाके मोठी, बांधणी उंच, आणि दोन चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचे बहुतांश वजन मागील आसावर असते. त्याचा गुरुत्वमध्य मागील आसाच्या थोडा वर आणि सुमारे दोन फूट पुढे येतो. बांध ओलांडताना एक चाक वर चढले, पाटाच्या कडेची माती खचली किंवा भरधाव वेगात वळण घेतले की हा मध्य चाकांच्या आधाराबाहेर जातो व ट्रॅक्टर कुशीवर पडतो. वळणावर बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. शेतात डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक स्वतंत्र लावता येतात, ही मोठी सोय आहे. परंतु रस्त्यावर येताना दोन्ही पेडल खटक्याने जोडावयाचे राहून गेले, तर हीच सोय घातक ठरते, कारण घाईने दाबलेला एकच ब्रेक सबंध ट्रॅक्टर गर्रकन फिरवतो.

मागे उलटण्याचा प्रकार याहून भयंकर होय. इंजिनाची शक्ती मागील आसावर येते. चाके मोकळी असतील तर ती फिरतात व ट्रॅक्टर पुढे सरकतो. चाके चिखलात घट्ट रुतली असतील, तर तीच शक्ती ट्रॅक्टरच्या धडालाच आसाभोवती फिरवू पाहते आणि पुढची चाके उचलली जातात. रुतलेल्या चाकापुढे लाकडाचा ओंडका बांधून ट्रॅक्टर बाहेर काढण्याची युक्ती अनेक गावांत मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. तिच्याइतकी धोकादायक युक्ती क्वचितच असेल. ओंडका जमिनीला टेकला की चाकाची गती खुंटते आणि फिरावयास केवळ ट्रॅक्टर उरतो. ड्रॉबार सोडून टॉपलिंकच्या उंच जागेला ट्रॉली किंवा झाडाचे खोड जुंपल्यानेही नेमके हेच घडते. पुढची चाके उचलल्यापासून साधारण पाऊण सेकंदात ट्रॅक्टर सावरण्यापलीकडे जातो व दीड सेकंदात पूर्ण उलटतो. धोका ध्यानी येऊन क्लचवर पाय पडेपर्यंत माणसाचा तेवढाच वेळ गेलेला असतो. उडी मारून सुटू, हा चालकाचा विश्वास येथे कामास येत नाही.

अपघात घडल्यावर पहिले काम माणसाचे. इंजिन चालू असल्यास बंद करावयाची दांडी ओढावी, डिझेलचा कॉक मिटवावा, आसपास कोणी विडी-सिगारेट पेटवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कोणी खाली अडकले असेल तर यंत्र जेवढे उचलले जाईल तेवढ्याला लगोलग ओंडक्यांचा आधार देत जावे. साखळी निसटून ट्रॅक्टर पुन्हा खाली येणे हा दुसरा अपघात होय. अडकलेली व्यक्ती किती वेळ दबून होती हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे, कारण उपचार त्यावर अवलंबून असतात.

ट्रॅक्टर सरळ करताना साखळी मागील आसाच्या मजबूत घरास बांधावी. मडगार्ड, स्टिअरिंग किंवा बॉनेटला ती बांधू नये. विरुद्ध बाजूस दुसरा दोर ताणून धरावा. नाहीतर उभा होणारा ट्रॅक्टर त्याच ओघात दुसऱ्या कुशीवर जातो. तत्पूर्वी छायाचित्रे घेऊन विमा कंपनीस कळवावे. सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी दुरुस्ती सुरू केल्यास दाव्यात अडचण येते. कोणास दुखापत झाली असेल तर पोलीस पंचनामाही हवाच.

आता त्या 'सेल मारण्या'कडे वळू. इंजिन आडवे अथवा उलटे पडले की तळाच्या चेंबरमधील ऑइल पिस्टनच्या कड्यांमधून आणि श्वसननळीतून सिलिंडरमध्ये शिरते. जुन्या पद्धतीच्या एअर क्लीनरमधील ऑइलही हवेच्या मार्गाने तेथेच पोहोचते. हवा दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. स्टार्टरच्या जोराने पिस्टन वर आला आणि वर ऑइल भरलेले असले, की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून ट्रॅक्टर सरळ केल्यावर काही तास तसाच उभा ठेवावा. बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडावी. सांडलेले आम्ल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे. सर्व इंजेक्टर काढावेत, तोंडावर फडके अंथरावे आणि पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवावे. साठलेले ऑइल छिद्रांतून बाहेर पडते. त्या वेळी कोणी चेहरा जवळ नेऊ नये. फेरे मोकळे जात असतील तरच डिझेल बंद ठेवून स्टार्टरने थोडे फिरवावे. उलट्या अवस्थेत इंजिन काही काळ चालत राहिले असेल तर मामला निराळा. पंपाने ऑइलऐवजी हवा ओढलेली असते, आणि तळाचे चेंबर उतरवून बेअरिंगे पाहिल्यावाचून गत्यंतर नसते.

यानंतर तपासणी करावी ती कण्याची. मोटारीला असते तशी वेगळी चौकट बहुतेक शेती-ट्रॅक्टरांना नसते. इंजिन, क्लचचे घर, गिअरपेटी आणि मागील आस यांची बिडाची घरे एकमेकांस बोल्टांनी जोडलेली असतात आणि तोच ट्रॅक्टरचा कणा. आपटल्याने बहुधा या सांध्यापाशी बारीक तडा जातो. तो ऑइलच्या मळाखाली दडून राहतो. जुने मिस्त्री त्यासाठी साधा उपाय करतात. भाग स्वच्छ करून त्यावर रॉकेल लावतात, पुसून कोरडा करतात आणि खडूची पूड चोळतात. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल खडूवर रेघ उमटवते. स्टिअरिंगचा दांडा, टाय रॉड, पुढील आसाची खीळ, चाकांचे स्टड आणि ब्रेकची जोडणी यांत वाकलेला भाग ठोकून सरळ करण्याचा मोह टाळावा. पत्रा ठोकून चालतो. ज्यावर वळणे आणि थांबणे अवलंबून आहे तो भाग बदललाच पाहिजे. सर्व ऑइलांची पातळी, रेडिएटर, पंख्याची पाती पाहून, डिझेलमधील हवा काढून मगच इंजिन सुरू करावे. ऑइलचा दाब दिसेपर्यंत वेग वाढवू नये. आरंभी निळसर धूर येतो तो राहिलेल्या ऑइलचा. मात्र इंजिन आपोआप वेग घेऊ लागले व दांडी ओढूनही थांबेना, तर हवेचे तोंड सपाट फळीने बंद करावे. तेथे हात लावू नये.

आता संरक्षणाविषयी. चालकाच्या मागे उभी राहणारी पोलादी चौकट आणि आसनपट्टा, ही जोडी ट्रॅक्टर उलटला तरी माणसासाठी जिवापुरती जागा राखते. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट सक्तीची केली आणि तेथील उलटण्याने होणारे मृत्यू पुढील दशकांत अगदी नगण्य झाले. अमेरिकेतील उत्पादकांनी १९८५ पासून वीस अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांवर ती स्वेच्छेने बसविण्यास सुरुवात केली. ऑस्ट्रेलियातील शेतांवर मोटारसायकलसारख्या चारचाकी क्वाड बाईक वापरतात. तेथेही ११ ऑक्टोबर २०२१ पासून सामान्य उपयोगाच्या नव्या क्वाड बाईकवर संरक्षक कमान बंधनकारक झाली. आपल्या शिवारांत मात्र चौकटीवाचून फिरणारे ट्रॅक्टर आजही पुष्कळ दिसतात, आणि ज्यांना चौकट होती त्यांतील काहींची ती गोठ्यामागे गंजत पडलेली असते.

चौकटीबाबत एक-दोन पथ्ये आहेत. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात नळ्या जोडून केलेली कमान ही चौकट नव्हे. ती सावलीच्या छताला आधार देईल, ट्रॅक्टरचे वजन पेलणार नाही. त्या-त्या ट्रॅक्टरसाठी तपासलेली चौकट व तिचेच बोल्ट वापरावेत. तिला भोके पाडू नयेत, वेल्डिंग करू नये. एकदा उलटण्याचा भार घेतलेली चौकट वरकरणी धड दिसली तरी बदलावी. तिचे काम झालेले असते. चौकट असेल तेव्हा पट्टा बांधलाच पाहिजे, आणि चौकट नसेल तर पट्टा बांधू नये, कारण तो चालकाला यंत्राखालीच जखडून ठेवील. मडगार्डवर बसणाऱ्या सोबत्याला चौकट किंवा पट्टा काहीच उपयोगी नाही. त्याची जागा तेथे नाहीच.

शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून राबविली जात आहे. अपघाती मृत्यूबद्दल २ लाख रुपये व एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये अशी तरतूद तीत आहे. दहा ते पंचाहत्तर वर्षे वयाचे वहितीधारक खातेदार शेतकरी व कुटुंबातील वहितीधारक नसलेला एक सदस्य तिचे लाभार्थी ठरतात. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावयाचा असतो. परंतु हंगामापुरता नेमलेला, स्वतःच्या किंवा घरच्या कोणाच्या नावे गुंठाभरही जमीन नसलेला चालक या व्याख्येत बसत नाही, आणि ऊस वाहतुकीत रात्री-अपरात्री स्टिअरिंगवर पुष्कळदा तोच असतो. विम्याचा हप्ता भरताना पगारी चालकाचे नाव व त्याचा धोका त्यात समाविष्ट आहे किंवा नाही, हे मालकाने पॉलिसीवर बोट ठेवून विचारून घ्यावे. फळबागेतील ट्रॅक्टरची घडीची चौकट फांद्यांसाठी खाली घेतलेली असते. बागेच्या फाटकातून बाहेर पडताना तिच्या दोन्ही खिळी पुन्हा घालून ती उभी करावी.