आजारी बालकांच्या सहवासांत
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत वाचलेलें भाषण)



आमच्या हातून कांहीं मोठें कार्य झालें आहे असें नाहीं. एका बँकेच्या शाखेंत शेजारीं शेजारीं बसणारे आम्ही नऊ जण महिन्यांतून एकदां मुंबईच्या एका रुग्णालयांत मुलांच्या वॉर्डांत जातों, दोन तास बसतों व परत येतों. परंतु त्यांत आमच्या हातून जी चूक घडली व तिनें जो धडा दिला, तो आपणांस सांगावा असें वाटतें.

१ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारीं सुटी मिळूं लागली. ह्या सुटीचें काय करावें, असा विषय एकदां डबा खातांना निघाला. आमच्यांतील एका बाईंनीं आपल्या आजारी भाच्याजवळ बरेच दिवस काढले होते. त्या म्हणाल्या, “वॉर्डांत मुलांना सुईपेक्षां दुपार जास्त दुखते.” तेवढ्या एका वाक्यावरून आमचें जाणें ठरलें.

पहिल्या खेपेस आम्ही फुगे, मिठाई व बाजाची पेटी घेऊन निघालों. सिस्टरांनीं दारांतच थांबविलें. कोणा मुलाला शस्त्रक्रियेसाठीं उपाशीं ठेवलेलें असतें, त्याच्यापुढें मिठाई कशी वांटावी? फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशांत अडकूं शकतो. सर्दीपडसें असलेल्यानें तर आंत पाऊलच टाकूं नये. आम्हीं निमूटपणें हात धुतले व रिकाम्या हातांनीं आंत गेलों. आमच्या परोपकाराचा अर्धा भाग आमच्याच हौसेसाठीं होता, हें त्या दारांत आम्हांस कळलें.

आजारी मुलाला औषधाइतकीच माणसांचीहि गरज असते, ही गोष्ट मोठमोठ्या रुग्णालयांनाहि उशिरांच उमगली. इंग्लंडांत एके काळीं आईबापांनासुद्धां ठराविक वेळींच मुलास भेटूं देत. १९५२ सालीं जेम्स रॉबर्टसन यांनीं रुग्णालयांत ठेवलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचें दुःख चित्रपटांतून दाखविलें. १९५९ सालीं तेथील प्लॅट समितीनें आईबापांना मोकळेपणीं भेटूं द्यावें, तसेंच मुलांच्या खेळाची सोय करावी, अशी शिफारस केली. पुढें १९८६ सालीं न्यूयॉर्कमध्यें मायकेल क्रिस्टेन्सेन या सर्कशींतील विदूषकानें आपल्या सोबत्यांस आजारी मुलांकडे नियमानें नेण्यास आरंभ केला. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं आई खाटेजवळच असते, जमिनीवर चटई टाकून निजते. पण तीहि थकलेली असते. तिला घटकाभर बाहेर जाऊन चहा घेतां यावा, एवढें झालें तरी आमचें येणें फुकट जात नाहीं.

आतां आमची चूक सांगतों. त्या वॉर्डांत पालघर जिल्ह्यांतील एका पाड्यावरचा आठनऊ वर्षांचा मुलगा होता. पाय मांडीपासून प्लास्टरांत. सापशिडींत त्यानें आम्हां सर्वांस हरविलें. निघतांना त्यानें विचारलें, “परत कधीं?” आम्ही सहज म्हणालों, “पुढच्या दुसऱ्या शनिवारीं.” तो शनिवार मार्चांतला होता. वर्षअखेरच्या हिशेबांची घाई होती. आम्ही गेलों नाहीं आणि निरोपहि धाडला नाहीं.

पंधरा दिवसांनीं गेलों, तेव्हां त्यानें तोंड भिंतीकडे फिरविलें. त्याच्या प्लास्टरावर पेन्सिलीच्या रेघा होत्या, दिवसाला एक. त्या शनिवारनंतर मात्र एकहि रेघ नव्हती. त्याची आई हळूच म्हणाली, “साहेब, नाय जमणार तर येतों म्हणूं नका. पोर दाराकडं बघत राहिलं.” बँकेंत रोज दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळणाऱ्या आम्हांस त्यावर उत्तर सुचलें नाहीं.

आम्हीं त्याची क्षमा मागितली आणि पट मांडून नुसते बसलों. तो खेळला नाहीं. मात्र आम्ही उठतांना भिंतीकडे पाहूनच त्यानें विचारलें, “किती रेघा?” आम्ही म्हणालों, “चौदा.” चौदाव्या दिवशीं नऊच्या नऊ जण गेलों. तेरा रेघा काढून तो पेन्सिल हातांत धरून बसला होता. चौदावी त्यानें आमच्याकडून काढवून घेतली. पुढें तो बरा होऊन घरीं गेला.

तेव्हांपासून आमचा एक नियम आहे. कोण जाणार, त्यांची नांवें आधीं वहींत लिहावयाचीं, आणि वहींत नसलेला दिवस कोणत्याहि मुलास सांगावयाचा नाहीं. निदान तिघे तरी गेलेच पाहिजेत. ह्या नियमानें कचेरींतहि एक नवल घडलें. बढतीवरून वर्षभर अबोला धरलेले आमचे दोघे गृहस्थ बाहुल्यांच्या खेळाचा पडदा दोन टोकांस धरून उभे राहूं लागले. पडदा सरळ राहावा म्हणून त्यांना बोलणें भाग पडलें!

पोप जॉन पॉल दुसरे यांनीं १९९२ सालीं जागतिक रुग्णदिन स्थापिला. तो ११ फेब्रुवारीस पाळतात. त्या दिवशीं फळें घेऊन जाणारे पुष्कळ असतात, आणि तें चांगलेंच आहे. पण खाटेवरचें मूल १२ तारखेसहि तेथेंच असतें. म्हणून तरुण मित्रांनो, आपण ज्यांच्याबरोबर काम करतां त्यांतील दोघांतिघांस सोबत घ्या. हात धुवून जा, छायाचित्रें काढूं नका, आजाराची चौकशी करूं नका, खाटेच्या उंचीवर बसा. आणि “येतों” म्हणाल, तर या. ह्याहून अधिक आम्हांस कांहीं सांगावयाचें नाहीं.