आरेआ आणि त्याचा गायक

एखाद्या अपरिचित वाद्यवृंदाची तबकडी प्रथम कानांवर पडते, तेव्हां ऐकणारा बहुधा ओळखीचा आधार शोधीत असतो. हा सूर पूर्वीं कोठें ऐकला, ही लय कोणाच्या घरची, असा त्याचा मनांतल्या मनांत हिशेब चाललेला असतो. इ. स. १९७३ सालीं मिलान शहरांतील 'क्राम्प्स' या नव्या कंपनीनें 'आरेआ' नांवाच्या तरुण संचाची पहिली तबकडी काढली. ती लावून बसणाराचा हा हिशेब पहिल्या दोन मिनिटांतच चुकतो.

आरंभीं वाद्य नाहींच. एक स्त्री अरबी भाषेंत शांतपणें कांहीं सांगत असते. तिचें बोलणें संपतें न संपतें तोंच एका पुरुषाचा भरदार गळा लागतो. आणि मग ड्रम, गिटार, सॅक्सोफोन व कीबोर्ड एकदमच धांवूं लागतात. गाण्याचें नांव 'जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर (काळा)'. कंसांतलें तें विशेषण पॅलेस्टिनी लढ्याकडे बोट दाखवितें. परंतु राजकारणाची दखल घेण्यापूर्वींच कान लयीपाशीं अडखळतो. रॉक संगीताची चार मात्रांची सरळ चाल येथें नाहीं. बाल्कन प्रदेशांतील लोकनृत्यांत चालणाऱ्या विषम गटांचें हें वळण आहे. त्या नृत्यांतील तीन-दोन-दोन अशी सात मात्रांची विभागणी रूपक ताल ऐकणारास परकी वाटूं नये. मात्र रूपकाचा ठाय येथें नाहीं, येथें सारी घाई आहे.

त्या वेळीं इटलींतील बहुतेक नव्या संचांची दृष्टि लंडनकडे लागलेली होती. लांबलचक रचना, अभिजात संगीताचे तुकडे आणि रॉकचा जोर यांचें जें मिश्रण 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणून इंग्लंडांत रूढ झालें होतें, त्याला इटालियन तरुणांनीं आपल्या सुरेल गीतपरंपरेची जोड दिली. यांतलाच 'प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी' हा मिलानचा दुसरा संच १९७३ सालींच इंग्रजी शब्द लेवून परदेशच्या बाजारांत उतरला. पीट सिनफील्ड या इंग्रज गीतकारानें त्यांच्या चालींवर शब्द रचून दिले. त्यांत गैर कांहीं नव्हतें. ती तबकडी आजहि गोड लागते. आरेआनें मात्र हा रस्ता धरला नाहीं. ते इटालियनमध्यें गात, क्वचित् ग्रीकमध्यें, आणि पुढें पुढें तर कोणत्याच भाषेंत नाहीं.

हें ज्याच्यामुळें घडलें तो गायक देमेत्रिओ स्त्रातोस. ग्रीक मातापित्यांच्या पोटीं तो १९४५ सालीं ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरांत जन्मला. बालपणीं पियानो व अॅकॉर्डियन शिकला. कांहीं काळ सायप्रसमध्यें राहिला. आणि १९६२ सालीं वास्तुशास्त्र शिकण्यासाठीं मिलानला आला. शिक्षण मागें राहिलें, गाणें पुढें गेलें. 'इ रिबेल्ली' या संचाबरोबर १९६७ सालीं त्यानें गायिलेलें 'पुन्यी क्यूझी' हें गीत इटलीभर गाजलें. तेथेंच थांबून लोकप्रिय गायक म्हणून सुखानें आयुष्य काढणें त्यास अवघड नव्हतें. त्यानें तसें केलें नाहीं. ड्रमवादक ज्यूलिओ कापिओत्सो याच्याबरोबर १९७२ सालीं त्यानें आरेआची उभारणी केली. पात्रीत्सिओ फारिझेल्ली कीबोर्डवर, पाओलो तोफानी गिटार व सिंथेसायझरवर. बासगिटार प्रथम पात्रिक जिवास याजकडे होती, तो मार्कोनीवाल्यांकडे गेल्यावर ती आरेस ताव्होलात्सी याजकडे आली.

या मंडळींचा जाझवरील अधिकार पक्का होता. म्हणून त्यांच्या 'फ्यूजन'मध्यें ठिगळ दिसत नाहीं. 'स्मिर्नापासून २४० किलोमीटर' हें पहिल्या तबकडींतील शब्दहीन वादन ऐकावें: सॅक्सोफोन जाझचा, ठेका पूर्वेकडचा, आणि जोर रॉकचा, पण सांधा कोठें आहे तें सांपडत नाहीं. उलट, गीतांचे शब्द आज तितकेसे टिकलेले वाटत नाहींत. क्राम्प्सचे चालक जान्नी सास्सी 'फ्रँकेन्स्टाइन' या टोपणनांवानें ते लिहीत. नाझी छावण्यांच्या दारांवरील 'श्रमानें मुक्ति मिळते' हें क्रूर वाक्यच त्यांनीं पहिल्या तबकडीचें नांव केलें आणि आंत पुठ्ठ्याचें एक पिस्तूलहि घातलें! त्या काळच्या मिलानमध्यें हें शोभलें असेल. आतां तें पिस्तूल संग्राहकांच्या कपाटांत आहे, आणि गळा मात्र अजून ऐकूं येतो.

त्या गळ्याला नवी वाट एका तान्ह्या मुलीनें दाखविली. स्त्रातोसची कन्या बोलूं लागण्यापूर्वीं जे बोबडे ध्वनि काढी, ते तो लक्ष देऊन ऐके. मूल त्या वयांत किती नाना तऱ्हेचे आवाज सहज काढतें, आणि मग एक भाषा शिकतां शिकतां त्यांतले बहुतेक कसें गमावून बसतें, याचें त्यास नवल वाटलें. बोलणें ही मिळकत खरी, पण तिची किंमत गळ्यानें मोजलेली असते, हा विचार त्याला सोडीना. तेव्हांपासून त्यानें गमावलेलें परत मिळविण्याचा उद्योग मांडला. मंगोलियांतील गायक एकाच कंठांतून दोन स्वर काढतात. तें त्यानें अभ्यासिलें. १९७४ सालीं जॉन केज या अमेरिकन रचनाकाराची केवळ आवाजासाठीं लिहिलेली 'मेसोस्टिक्स' ही कृति त्यानें गायिली. १९७६ मध्यें 'मेत्रोदोरा' आणि १९७८ मध्यें 'कांतारे ला व्होचे', म्हणजे 'आवाज गाणें', या त्याच्या स्वतंत्र तबकड्या निघाल्या. पादुआ येथील ध्वनिशास्त्रज्ञ फ्रांको फेर्रेरो यांनीं त्याचा गळा यंत्रांवर तपासला.

शब्दावांचून गाणें ही गोष्ट आलापी व तराणा ऐकलेल्या घरांत नवलाची नाहीं. परंतु आलापींत शब्द सुटला तरी स्वर सुटत नाहीं. उलट शब्द सुटतो तो स्वर अधिक नेमका लागावा म्हणूनच. स्त्रातोसनें स्वरहि सोडून पाहिला. त्यामुळें 'मेत्रोदोरा' पहिल्यानें ऐकतांना कित्येकांस तें गाणें वाटत नाहीं, आणि त्यांना दोष देतां येत नाहीं. ज्यास हा गळा समजून घ्यावयाचा असेल त्यानें प्रथम आरेआची १९७५ सालची 'क्राक!' ही तबकडी ऐकावी. तींत तोच गळा चालींत, तालांत, सोबत्यांच्या धाकांत आहे. आणि मधूनच कुंपण ओलांडतो.

१९७९ च्या वसंतांत स्त्रातोस आजारी पडला. अस्थिमज्जेंत रक्त तयार होईनासें झालें होतें. उपचारासाठीं त्यास न्यूयॉर्कला नेलें. खर्च मोठा होता. म्हणून मिलानच्या मित्रांनीं १४ जून रोजीं तेथील आरेना या खुल्या क्रीडांगणांत मदतीचा जलसा ठरविला. तिकिटें निघालीं, गायक-वादक ठरले. १३ जून रोजीं, चौतिसाव्या वर्षीं, स्त्रातोस न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत वारला.

जलसा रद्द झाला नाहीं. दुसऱ्या दिवशीं हजारो माणसें आरेनांत जमलीं. मार्कोनीवाले आले, फ्रांचेस्को गुच्चीनी आला, 'बांको'ची मंडळी आली. आणि आरेआचे वादकहि आपल्या गायकावांचून वाजवावयास उभे राहिले. ज्याच्या औषधासाठीं लोक येणार होते त्याच्या स्मरणासाठीं ते आले.

पुढच्या वर्षीं आरेआची 'टिक अँड टॅक' ही तबकडी निघाली. ती मुख्यतः वाद्यांची आहे, जाझकडे पुरती झुकलेली आणि सफाईदार. तोफानी त्यांत नाहीं. तो आधींच संच सोडून गेला होता. पुढें तो हरेकृष्ण पंथाचा साधु झाला आणि 'त्रिकांता वीणा' नांवाचें स्वतःच्या कल्पनेचें वाद्य बनवून वाजवूं लागला.