विसाव्याची आज्ञा

बदनापूरच्या काळ्या रानात पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे तूप-हळद लावून मळतात आणि त्यांस दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतण देतात. पोळ्याला त्यांच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. कोणी किती नांगरले याचा हिशेब त्या दिवशी होत नाही. अंगचोर बैलासही पुरणपोळी मिळते. मात्र त्याच घरचा धनी एखाद्या दुपारी लिंबाखाली आडवा झाला आणि वाटेने कोणी येताना दिसले, की दचकून उठतो. शहरातील सुशिक्षित गृहस्थाची गत निराळी नाही. सुटीच्या दिवशीही हातात एखादा कागद असल्यावाचून त्यास बसवत नाही.

विसावा ही श्रमाची मजुरी आहे, अशी समजूत ह्या दचकण्याच्या मुळाशी असते. काम पुरे झाल्यावाचून मजुरी नाही, आणि काम तर कधीच पुरे होत नाही!

जालना बदनापुरापासून दूर नाही. त्या परिसरात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती खेडे वसविले. तेथील शेतकरी जे शास्त्र मानीत, त्यात हा हिशेब उलटा मांडलेला आहे. उत्पत्तीच्या ग्रंथाप्रमाणे मनुष्य सहाव्या दिवशी निर्माण झाला. म्हणजे त्यास लाभलेला पहिला पूर्ण दिवस सातवा, विसाव्याचा. तोवर त्याच्या हातून काडीही हलली नव्हती.

शब्बाथाच्या आज्ञेची कारणे शास्त्रात दोन ठिकाणी निरनिराळी दिली आहेत. निर्गमात सृष्टीच्या निर्मितीचे कारण आहे. अनुवादात मिसर देशातील दास्याचे. दुसरे अधिक विचार करावयास लावणारे आहे. थांबण्याचा अधिकार दासास नसतो. मुंबईच्या गिरणी-कामगारांस तो साप्ताहिक सुटीच्या रूपाने मिळाला 10 जून 1890 रोजी, आणि त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांस कित्येक वर्षे झगडावे लागले. लोखंडे सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. तथापि अनुवादकाराचा मुद्दा त्यांस निराळा समजावून सांगावा लागला नसता.

प्रभू येशू वादळात नावेच्या मागच्या भागी उशीवर झोपी गेले होते, असे मार्क लिहितो. जेवावयासही सवड नाही असे पाहून त्यांनी शिष्यांस एकांती विसावा घेण्यास सांगितले. पुढे लोकसमुदाय तेथेही येऊन पोहोचला, तेव्हा त्यांस त्याचा कळवळा आला व त्यांनी त्यास शिकविले. गरजेपुढे विसावा मोडतो, हे खरे. परंतु विसावा घ्यावयास निघालो हेच चुकले, असे त्या प्रसंगी कोणी म्हटले नाही.

आज्ञेत पुत्र, कन्या, दास, दासी, गुरे आणि परका यांची नावे आहेत, पत्नीचे नाही. ती ‘तू’ ह्या शब्दात आलीच, असे भाष्यकार म्हणतात. व्याख्या ठीक आहे. पण उपासनेहून परतल्यावर कित्येक ख्रिस्ती घरांत मंडळी गप्पांस बसते आणि चुलीपुढे एकटी तीच राहते. क्षणभर बसलीच तर ओशाळते. रानात मान्ना गोळा करणाऱ्या इस्राएलांस सहाव्या दिवशी दुप्पट वाटा मिळे, तो सातव्या दिवसाच्या सोयीसाठीच. शनिवारी रात्री चार भाकरी अधिक थापणे घरातील इतरांसही जमेल. रविवारी त्या थंड भाकरी पुरुषांनी कुरकुर न करता खाल्ल्या, म्हणजे झाले.