वणव्यापासून घराचे रक्षण आणि शासकीय अनुदानाचा अर्ज

इंदूर जिल्ह्यातील चोरल, मानपूर आणि महू या वनपरिक्षेत्रांमध्ये, विंध्याच्या उतारावरील साग आणि पळस यांची पानगळ झाली की जमिनीवर वाळलेल्या पाचोळ्याचा थर साचतो, आणि फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंतचा काळ वणव्याचा काळ ठरतो. याच सुमारास माळव्याच्या पठारावर गव्हाची कापणी होऊन शेतात धसकटे उभी राहतात, ज्यांना या भागात नरवाई म्हणतात. दंडाची तरतूद असूनही ती अनेक ठिकाणी पेटवली जातात, आणि जंगलाच्या कडेला मोहाची फुले सहज वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो. अशी आग कोरड्या वाऱ्याबरोबर सरकत गावाच्या कडेला येते, तेव्हा तिच्या वाटेत सर्वप्रथम सापडते ते कुडाच्या भिंतींचे आणि गवत किंवा पाने शाकारलेल्या छपराचे घर. असे घर आगीला दाद देणार नाही इतके भक्कम करण्यासाठी शासनाकडून पैसा मिळतो का आणि तो कसा मागावा, हा या भाषणाचा विषय आहे.

‘वणवा-रोधक घर’ या नावाचे स्वतंत्र अनुदान भारतात एकेका कुटुंबाला मिळत नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे, कारण त्या नावाने अर्ज शोधणारा माणूस कार्यालयांच्या फेऱ्या मारून रिकाम्या हाताने परततो. 2018 साली ज्या राज्यातील पॅराडाइज हे गाव जवळजवळ संपूर्ण जळाले आणि 18,000 हून अधिक इमारती नष्ट झाल्या, त्या अमेरिकेतील कॅलिफोर्नियात निवडक भागांतील घरमालकांना छप्पर आणि झरोके बदलण्यासाठी साहाय्य देणारा शासकीय कार्यक्रम आहे. भारतात मात्र वणवा रोखण्यासाठी केंद्राकडून येणारा पैसा राज्यांना आणि वनविभागाला मिळतो, आणि तो जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत व पाचोळा काढून मोकळी ठेवलेली पट्टी, अग्निरक्षक आणि उपग्रहाधारित सूचना यांवर खर्च होतो. कुटुंबाच्या हाती येणारा पैसा हा घरकुलाचा असतो. म्हणून योग्य मार्ग असा की अर्ज घरकुलासाठी करावा आणि आगीपासूनचे संरक्षण त्या घराच्या रचनेत स्वतः आखून घ्यावे. अनुदानाच्या नियमांत याला कोणतीही आडकाठी नाही. उणीव असते ती आधी विचार करण्याची.

रचनेचा विचार करण्यापूर्वी घर नेमके कशाने पेटते हे समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक जॅक कोहेन यांनी 1990 च्या दशकापासून केलेल्या अभ्यासातून असे दिसले की जंगलातील मोठ्या ज्वालांची उष्णता सुमारे 30 मीटरपलीकडील लाकडी भिंतीलाही सहसा पेटवू शकत नाही. घरे पेटतात ती मुख्यतः वाऱ्यावर उडून आलेल्या निखाऱ्यांमुळे आणि घराला लागूनच असलेल्या किरकोळ जळाऊ वस्तूंमुळे. माळव्यातील वणवा तर बहुतेक वेळा जमिनीलगतचा असतो, म्हणजे तो पाचोळा आणि गवत जाळत पुढे जातो, झाडांच्या शेंड्यांवरून झेपावत नाही. त्यामुळे त्याच्या तडाख्यातून घर वाचवण्यास फार मोठा खर्च लागत नाही, आणि घरकुलाची मर्यादित रक्कमही योग्य ठिकाणी वापरल्यास पुरेशी ठरू शकते.

ग्रामीण भागासाठी मुख्य आधार प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हा आहे. 1 एप्रिल 2016 पासून लागू असलेल्या या योजनेत सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ अथवा दुर्गम भागात 1 लाख 30 हजार रुपये मिळतात. त्याखेरीज ग्रामीण रोजगार हमीतून सपाट प्रदेशात 90 दिवसांच्या अकुशल मजुरीची आणि शौचालयासाठी 12 हजार रुपयांची जोड देण्याची तरतूद तिच्या नियमांत आहे. घराचे क्षेत्रफळ किमान 25 चौरस मीटर असावे आणि त्यात स्वयंपाकासाठी स्वच्छ जागा असावी, अशी अट आहे. बेघर कुटुंबे, तसेच कच्च्या भिंती व कच्चे छप्पर असलेल्या एक-दोन खोल्यांत राहणारी कुटुंबे यासाठी पात्र ठरतात. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी 2 कोटी घरांना मान्यता देऊन ही योजना 2029 पर्यंत वाढवली. शहराच्या हद्दीत स्वतःची जागा असलेल्या आणि वार्षिक उत्पन्न 3 लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठी याच योजनेची शहरी शाखा आहे, जिचा अर्ज नगरपालिकेकडे किंवा महानगरपालिकेकडे जातो. ज्याचे घर आधीच पक्के आहे त्याला मात्र यांपैकी काहीही मिळत नाही. त्याने पुढे सांगितलेली दक्षता स्वखर्चाने घेणे एवढाच मार्ग उरतो, आणि सुदैवाने तिचा बराचसा भाग पैशाचा नसून सवयीचा आहे.

अर्जाच्या यशापयशाचा निर्णय बहुधा कागदांच्या जुळणीवर होतो. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाला व त्यातील प्रत्येक व्यक्तीला समग्र आयडी नावाचा क्रमांक दिलेला असतो; त्यातील नाव, आधारपत्रावरील नाव आणि बँक खात्यावरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी पैसा अडू शकतो, कारण रक्कम थेट खात्यात जमा होते. येथील मराठी कुटुंबांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते, कारण वडिलांचे नाव आणि आडनाव लिहिण्याची मराठी पद्धत व कारकुनाने हिंदीत केलेली नोंद यांचा मेळ बसत नाही. लाभार्थी निवडण्यासाठीच्या सर्वेक्षणाची मुदत सुरू होण्यापूर्वीच या नोंदी एकसारख्या करून घेणे हे पहिले काम होय. दुसरा कागद जागेचा. गावठाणातील घरजागेसाठी स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून दिलेला अधिकार अभिलेख चालतो, आणि वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांसाठी 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार मिळालेला पट्टा महत्त्वाचा असतो. लाभार्थ्यांची यादी अंतिम करताना ग्रामसभेत नावांचे वाचन होते, आणि त्या सभेला हजर राहणे अर्ज भरण्याइतकेच निर्णायक आहे, कारण नाव गळाले असेल तर हरकत नोंदवण्याची उत्तम जागा तीच. तेथे न्याय न मिळाल्यास जिल्हा स्तरावरील अपील समितीकडे लेखी दाद मागता येते.

मंजुरीनंतर रक्कम हप्त्यांनी येते आणि प्रत्येक टप्प्याला बांधकामाची स्थाननोंद असलेली छायाचित्रे घेतली जातात. नियमांनुसार हे घर कंत्राटदाराकडून बांधून घेता येत नाही, लाभार्थ्याने स्वतः बांधून घ्यायचे असते. ही अट अनेकांना ओझे वाटते, पण आगीच्या दृष्टीने ती मोठी संधी आहे, कारण पाया कोठे घ्यावा, छप्पर कशाचे करावे आणि खिडक्या कोणत्या दिशेला ठेवाव्यात हे सारे घरमालकाच्या हाती राहते. काँक्रीटचा स्लॅब सर्वांत सुरक्षित. तो परवडत नसेल तर कौले किंवा पत्रा चालतो, मात्र पत्र्याच्या नागमोडी कडेखाली आणि कौलांच्या ओळींच्या टोकाला ज्या फटी राहतात त्या चुना-वाळूने किंवा सिमेंटने बुजवणे अनिवार्य समजावे, कारण निखारे शिरतात ते तेथूनच आणि आतील बांबू व लाकडी वासे पेटवतात. झरोक्यांना सुमारे 3 मिलिमीटर छिद्रांची लोखंडी जाळी बसवावी. प्लॅस्टिकची जाळी उष्णतेने वितळते. मातीच्या भिंतीला कमी लेखण्याचे कारण नाही, ती स्वतः पेटत नाही. धोका असतो कुडाच्या भिंतीला, आणि तिलाही आतून-बाहेरून मातीचा जाड गिलावा दिल्यास बरेच संरक्षण मिळते.

याहूनही मोलाची आहे घराभोवतीची पहिली दीड मीटर जागा. तेथे फरशी, मुरूम किंवा नुसती झाडलेली माती असावी. सरपण, गोवऱ्या, तुराट्या, कडबा आणि भुसा यांपैकी काहीही भिंतीला टेकवून ठेवू नये. माळव्यातील घरांत गोठा बहुधा घराला लागून आणि कडब्याची गंजी गोठ्याला लागून असते, आणि प्रत्यक्षात वणव्याचा निखारा प्रथम गंजीवर पडतो, मग गोठा आणि शेवटी घर पेटते. म्हणून अनुदानातून पाया आखतानाच गोठा घरापासून वेगळा व गंजी दोहोंपासून दूर ठेवता येईल अशी मोकळी जागा सोडावी, आणि उन्हाळी वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला गंजी कधीही रचू नये. घर बांधून झाल्यावर ही चूक सुधारणे कठीण जाते.

घर जळाल्यास मिळणारे साहाय्य हा वेगळा विषय आहे, पण त्याची माहिती आधीपासून असावी. मध्य प्रदेशात राजस्व पुस्तक परिपत्र 6-4 या महसुली नियमावलीनुसार आगीतील हानीसाठी अर्थसाहाय्य मिळते. केंद्राच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या आपत्ती निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या घरासाठी सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये, तर नष्ट झालेल्या झोपडीसाठी केवळ 8 हजार रुपये ठरलेले होते. पटवारी, म्हणजे महाराष्ट्रातील तलाठ्याच्या जागी असलेला महसूल कर्मचारी, पंचनाम्यात वास्तूची नोंद ‘घर’ अशी करतो की ‘झोपडी’ अशी, यावर ही रक्कम अवलंबून असल्याने घराची जुनी छायाचित्रे आणि जागेचा अभिलेख यांच्या प्रती गावाबाहेरील एखाद्या नातेवाइकाकडे ठेवणे शहाणपणाचे आहे. ज्यांना विम्याचा हप्ता परवडतो त्यांच्यासाठी एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्या विकत असलेली भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी आहे, आणि तिच्या संरक्षणात जंगलातील आगीचाही समावेश होतो.

मंजूर हप्ता अडला किंवा पंचनामा होऊनही रक्कम जमा झाली नाही, तर जनपद पंचायतीत, म्हणजे गटपातळीवरील पंचायतीत, लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. त्यानंतर मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या 181 या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा, आणि तेवढ्यानेही काम न झाल्यास दर मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणाऱ्या जनसुनवाईत ही पोच व तक्रारीचा क्रमांक जोडून निवेदन सादर करावे.