जुळ्यांची साक्ष



छत्रपती संभाजीनगराहून पैठणच्या रस्त्यानें निघालें कीं वाटेंत चितेगांव लागतें. अशा एखाद्या गांवांत, कल्पना करा, एका घरीं जुळे मुलगे जन्मले. ते शाळेंत जाऊं लागले. एकाला गणितांत चांगले गुण मिळाले, दुसरा मागें पडला. लगेच घरांतलीं वडील माणसें म्हणतात, "ह्याची बुद्धि उपजतच तीक्ष्ण, त्याचें डोकेंच तेवढें." हा निकाल कितपत खरा, हें ठरविण्यासाठीं शास्त्रज्ञ दीडशें वर्षें जुळ्यांकडेच वळत आले आहेत.

इंग्लंडांत फ्रान्सिस गाल्टन ह्यांनीं १८७५ सालीं जुळ्यांवर निबंध लिहिला. पुढें १९२४ च्या सुमारास आजची पद्धत आकारास आली. तिचें तत्त्व सोपें आहे. जुळीं दोन प्रकारचीं असतात. एकाच बीजापासून झालेल्यांचा आनुवंशिक वारसा जवळजवळ सर्वस्वीं सारखा असतो. दोन बीजांपासून झालेलीं सख्ख्या भावंडांइतकींच सारखीं. घर, अन्न, शाळा मात्र दोन्ही प्रकारच्या जोड्यांना बहुधा समानच लाभतात. तेव्हां बुद्धिमापनांत पहिल्या प्रकारच्या जोड्यांचे गुण अधिक जुळले, तर त्या अधिक साम्याचें श्रेय आनुवंशिकतेला दिलें जातें. ह्यांत एक गृहीत आहेच: हुबेहूब दिसणाऱ्या भावांना लोक अधिक सारखें वागवीत नसतील, किंवा वागवीत असले तरी त्यानें बुद्धींत फरक पडत नसेल.

दुसरा मार्ग, लहानपणींच ताटातूट होऊन निराळ्या घरीं वाढलेल्या एकबीज जुळ्यांचा. अशा १९ जोड्यांचा अभ्यास अमेरिकेंत न्यूमन, फ्रीमन व होल्झिंगर ह्यांनीं १९३७ त प्रसिद्ध केला. मिनेसोटा येथें टॉमस बूशार्ड ह्यांनीं १९७९ पासून हेंच काम केलें आणि १९९० त सांगितलें कीं, बुद्ध्यंकांतील सुमारें ७० टक्के फरकांचा संबंध आनुवंशिकतेशीं आहे. चार देशांतील ११,००० जोड्यांच्या २०१० मधील अभ्यासांत हा वाटा नवव्या वर्षीं ४१ टक्के, तर सतराव्या वर्षीं ६६ टक्के आढळला.

परंतु साक्षीदार खरा असला तरी उलटतपासणी हवीच. लंडनचे सिरिल बर्ट ह्यांनीं १९५५ त २१ आणि १९६६ त ५३ जोड्यांचे आंकडे दिले. जोड्या दुपटीहून अधिक झाल्या, तरी साम्याचा अंक तिसऱ्या दशांशस्थळापर्यंत तोच राहिला, ०.७७१! लिओन केमिन ह्यांनीं १९७४ त ही विसंगति चव्हाट्यावर आणली, आणि ते आंकडे पुढें विश्वासार्ह मानले गेले नाहींत.

ह्याहून काळाकुट्ट अध्याय बर्लिनचा, आणि त्याच्या आरंभाजवळ आपल्या इरावती कर्वे उभ्या आहेत. १९२८ त त्या बर्लिनला गेल्या व ऑयगेन फिशर ह्यांच्या मानवशास्त्र संस्थेंत काम करूं लागल्या. त्याच संस्थेंत ओटमार फॉन फेर्शूर जुळ्यांवर संशोधन करीत होते. कवटीच्या दोन बाजूंतील असमतेचा संबंध वंशाशीं असावा, अशी गुरूंची कल्पना. इरावतीबाईंनीं कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाहीं, असें गुरूंपुढें लेखी मांडलें. फेर्शूर ह्यांचा शिष्य योझेफ मेंगेले १९४३ त ऑशविट्झच्या छावणींत गेला आणि तेथें त्यानें जुळ्या मुलांवर अमानुष प्रयोग केले. उत्तर आधींच ठरवून मोजावयास बसलेल्या विद्येचा शेवट कोठवर जातो, तें ह्यांत दिसतें.

आतां त्या टक्क्यांचा अर्थ पाहूं. समजा, एखाद्या समाजांत निम्मीं मुलें शाळेंत जातात, निम्मीं गुरांमागें. तेथें वाचनांतील अंतर मुख्यतः शाळेनें ठरेल. आनुवंशिकतेचा वाटा अल्प निघेल. उद्यां सर्वांना सारखीच चांगली शाळा मिळाली, तर उरलेल्या अंतरांत हा वाटा मोठा दिसेल. रक्त तेंच राहिलें. बदलली ती शाळा. एरिक टर्कहायमर व त्यांचे सहकारी ह्यांना अमेरिकेंतील सात वर्षांच्या जुळ्यांत २००३ सालीं असेंच कांहीं आढळलें. अतिदरिद्री घरांत बुद्ध्यंकांतील सुमारें ६० टक्के फरक घरच्या सामाईक परिस्थितीमुळें होते व आनुवंशिकतेचा वाटा शून्याजवळ होता. सुखवस्तु घरांत चित्र जवळजवळ उलट होतें. युरोप व ऑस्ट्रेलिया येथील पाहण्यांत हा भेद असा दिसला नाहीं. शिक्षण व आरोग्याची सोय तेथें अधिक समान असणें, हें त्याचें एक संभाव्य कारण मानलें जातें.

म्हणून ते टक्के एका समाजांतील, एका काळच्या फरकांचें माप आहेत. एकट्या मुलाच्या बुद्धींतील किती भाग पित्राजित आणि किती स्वकष्टार्जित, हें त्यांवरून काढतां येत नाहीं. आनुवंशिकता खोटी नव्हे. दोन भावांच्या बुद्धीला निराळें वळण असूं शकतें, हें जुळेच सांगतात. पण चितेगांवच्या त्या मागें पडलेल्या मुलाला "तुझें डोकेंच तेवढें" असें सांगण्याचा अधिकार त्यांची साक्ष आपणांस देत नाहीं. त्याला चष्मा लागतो काय, पोटभर मिळतें काय, गणित समजावून देणारें कोणी आहे काय, हें आधीं पाहावें. तेवढें केल्यावर जो फरक उरेल, तो आनंदानें स्वीकारावा.