बुडणाऱ्याला आधी काठावर आणू या

(मानसिक आरोग्यविषयक व्याख्यानाचा संपादित अंश)



भूल देण्यासाठी वापरले जाणारे औषध खचलेल्या मनालाही उभारी देऊ शकते, असे सांगितले तर आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटेल. केटामाईन हे ते औषध. १९६२ साली अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काम करणाऱ्या काल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केले. १९७० साली त्यास भुलीचे औषध म्हणून मान्यता मिळाली आणि व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करताना त्याचा उपयोग झाला. आजही ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

मग मनोविकारांशी त्याचा संबंध कसा आला? नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. काही रुग्णांना तर दोन-तीन औषधे बदलूनही आराम पडत नाही. जीवन संपविण्याचे विचार ज्याच्या मनात घोळत आहेत, त्याच्यासाठी हे आठवडे फार लांब असतात. २००० साली येल विद्यापीठातील संशोधकांनी मोजक्या रुग्णांना भुलीच्या मात्रेपेक्षा पुष्कळ कमी मात्रा शिरेतून दिली, तेव्हा काही तासांतच फरक जाणवू लागला. २००६ साली कार्लोस झराटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अन्य औषधांना दाद न देणाऱ्या १७ रुग्णांपैकी १२ जणांची लक्षणे दुसऱ्याच दिवशी निम्म्याने वा त्याहून अधिक कमी झाली होती. जुनी औषधे प्रामुख्याने सेरोटोनिनसारख्या द्रव्यांवर काम करतात; केटामाईन ग्लुटामेट या मेंदूतील निराळ्या संदेशवाहकाच्या मार्गाने जाते.

परंतु त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. आठवडाभर तो गुण टिकला, तो केवळ सहा जणांत. म्हणजे हे औषध बुडणाऱ्याला काठावर आणते. काठावर टिकून राहण्याचे बळ त्याला अन्य उपचारांतून, समुपदेशनातून आणि आप्तांच्या आधारातून मिळवावे लागते.

केटामाईनचेच एक रूप असलेल्या एस्केटामाईनच्या नाकात मारायच्या फवाऱ्यास अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली, तीही कडक अटींवर. तो रुग्णाला घरी नेता येत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचा, त्यानंतर किमान दोन तास तेथेच थांबायचे आणि त्या दिवशी वाहन चालवायचे नाही. या अटींमागे कारणे आहेत. रक्तदाब वाढतो, आपण स्वतःपासून अलग झालो आहोत असा भास होतो. दीर्घकाळ गैरवापर केल्यास मूत्राशयाची गंभीर हानी होते आणि व्यसनही जडते. अभिनेते मॅथ्यू पेरी यांच्या २०२३ मधील मृत्यूचे प्रमुख कारण केटामाईनचा तीव्र परिणाम हेच नोंदले गेले. भारतानेही २०१३च्या अखेरीस हे औषध अनुसूची 'एक्स'मध्ये घालून त्याच्या विक्रीवर कडक निर्बंध घातले, ते याच गैरवापरामुळे.

तेव्हा हे औषध म्हणजे चमत्कार नव्हे आणि केवळ विषही नव्हे. ते कोणाला द्यावे, हा निर्णय मनोविकारतज्ज्ञाचा. रक्तदाब, हृदयविकार, पूर्वीचे व्यसन आणि भ्रम-भासाचे विकार यांची माहिती त्याच्यापासून लपवू नये.

आपले काम त्याच्याही आधी सुरू होते. घरातील तरुण मुलगा बोलेनासा झाला, सुनेची झोप उडाली, निवृत्त वडील 'आता कशासाठी जगायचे' म्हणू लागले, तर 'मन घट्ट कर' एवढे सांगून आपण मोकळे होतो. मधुमेहाच्या रुग्णाला आपण असे सांगतो काय? लोक काय म्हणतील, या भीतीपोटी उपचार लांबतात आणि औषध हाती असूनही माणूस हातचा जातो. 'टेली-मानस'चा १४४१६ हा शासकीय दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवावा. आजारी माणसाजवळ बसावे, त्याचे ऐकून घ्यावे आणि त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. विज्ञानाने दोर दिला आहे; तो बुडणाऱ्याच्या हाती पोहोचविणे हे आप्तस्वकीयांचे कर्तव्य आहे.