तीन रंगांची मनी

रंगरंगोटी करून मघापासून पडद्याआड ताटकळलेल्या मुला-मुलींनो,

मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मी पाचच घेतो. पुढचं कोळीनृत्य मलाही बघायचंय.

माझं काम पेशींवर चालतं, पण आज बोलणार आहे मांजरीवर. आमच्या आजोळी एक मनी होती. पोट पांढरं आणि पाठीवर कुणी काजळ अन् हळद सांडल्यासारखे ठिपके. तिला पिल्लं झाली की आजी लांबूनच सांगायची, "तीन रंगांचं आहे ना, मग ती मांजरीच." आजी कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

का चुकत नव्हती? नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडे एक्स एकच, म्हणून तो काळा तरी होतो किंवा नारिंगी तरी. मांजरीकडे दोन. पण गर्भात असतानाच प्रत्येक पेशी त्यातल्या एकाला कुलूप लावते. कोणत्या, ते नशिबावर! त्या पेशीच्या लेकीबाळी मग तेच कुलूप सांभाळतात. म्हणून इथे काळा ठिपका, तिथे नारिंगी. पांढऱ्याची गोष्ट वेगळी, ती पुन्हा कधीतरी. जनुकातलं एक अक्षरही न बदलता ते वाचायचं की मिटून ठेवायचं हे ठरवणाऱ्या अशा खुणांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स. मुलींनो, अशीच कुलपं तुमच्याही अंगात आहेत. फक्त ती रंगात दिसत नाहीत.

हा मिटलेला एक्स पहिल्यांदा नजरेस पडला तोही मांजरीच्याच मज्जापेशीत. १९४९ साली, कॅनडात, बार आणि बर्ट्राम यांना. पेशीत दिसलेला तो ठिपका म्हणजे काय, हे त्यांना तेव्हा उमगलं नव्हतं. १९६१मध्ये मेरी लायन या बाईंनी उंदरांच्या रंगांवरून कुलपाची कल्पना मांडली.

पुढची गंमत अमेरिकेतल्या टेक्सासची. २००१च्या डिसेंबरात रेनबो नावाच्या तिरंगी मांजरीच्या एका पेशीपासून तिची हुबेहूब प्रत जन्माला घातली. नाव सीसी. जनुकं तीच, पण अंगावर नारिंगीचा मागमूस नाही! घेतलेल्या पेशीतला नारिंगी एक्स कुलपातच राहिला होता.

आणि ते नारिंगी जनुक नेमकं कोणतं, हे कळायला २०२५ साल उजाडलं. जपानच्या क्युशू विद्यापीठातले हिरोयुकी सासाकी हे एपिजेनेटिक्समधले मुरलेले संशोधक, आणि मांजरवेडे. त्यांनी मांजरप्रेमींकडून वर्गणी काढून शोध घेतला. तिकडे स्टॅनफर्डचा गटही स्वतंत्रपणे तिथेच पोचला. जनुकाचा प्रथिन घडवणारा भाग धडधाकट निघाला. जनुकातल्याच प्रथिन न घडवणाऱ्या पट्ट्यातली सुमारे पाच हजार अक्षरं मात्र गळाली होती. त्यामुळे रंगपेशीत जे जनुक बंद असायला हवं, ते चालू राहतं आणि काळ्याऐवजी नारिंगी रंग तयार होतो. मला विचाराल तर वर्गणीचा इतका झकास हिशेब मी दुसरा पाहिलेला नाही.

आता आजीचं एक सुधारतो. तीन रंगांचा बोकाही असतो, पण क्वचितच. बहुधा एक एक्स जादा घेऊन जन्मलेला. मी अजून एकही पाहिलेला नाही. उद्या सुट्टी आहे ना? गल्लीतली मांजरं नीट बघा. असा बोका सापडला तर मुख्याध्यापक बाईंना सांगा. त्यांचा फोन आला की मी पहिली एसटी पकडून येतो.